इटियाडोहच्या काठी बिनवऱ्हाडाचा मंडप

गोंदियाजवळच्या कामठ्याचे डोमनलाल राहांगडाले आभाळाकडे बघायचे ते सासऱ्याकडे बघावं तसं. आदर पुरेपूर, विश्वास काडीचा नाही. याला कारण त्यांचा धंदा. राहांगडाले बिछायत केंद्र म्हणजे कामठा आणि आसपासच्या गावांच्या डोक्यावरचं कापड. बारसं असो, लग्न असो, तेरवी असो, कापड तेच. फक्त झालर बदलायची. ढग दाटले की गावातली बाकीची माणसं म्हणायची, बरं झालं, गारवा आला. डोमनलालभाऊ म्हणायचे, ताडपत्री काढा.

त्यांना गर्व म्हणावा असा एकच होता. त्यांनी बांधलेला मंडप आजवर पडलेला नव्हता. मंडपात वऱ्हाडी पडले होते, एकदा खुद्द नवरदेव घोडीवरून पडला होता, आणि एका सभेनंतर तर सगळ्या तालुक्यासमोर उमेदवार पडला होता. मंडप मात्र उभा. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत नसत, पण समोरच्यानं विचारेपर्यंत थांबतही नसत.

घरी तुलसाबाई. ओरडणं नाही, रुसणं नाही, मागणं नाही. मागितलं ते आयुष्यात एकच. त्यांना समुद्र पाहायचा होता.

आमगावकडच्या शाळेत असताना गुरुजींनी सांगितलं होतं, की समुद्र म्हणजे असं पाणी, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. तुलसाबाईंना ते काही पटलं नव्हतं. आपला जिल्हा तलावांचा. पाण्याला तोटा नाही. पण कुठल्याही तलावाच्या पाळीवर उभं राहा, पल्याड काठ असतोच, काठावर म्हैस असते, आणि जरा चौकशी केली तर ती म्हैस आपल्याच कुण्या सोयऱ्याची निघते. काठ नसलेलं पाणी संपतं कुठं? लग्न होऊन कामठ्याला आल्यावर त्यांनी हे नवऱ्याला विचारलं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, जाऊन पाहू, एवढी लगीनसराई संपू दे.

लगीनसराई संपली की धानाची रोवणी यायची. रोवणी आटोपली की गणपती, मग नवरात्रातली शारदा, की पुन्हा तुळशीचं लग्न लागून माणसांची लग्नं सुरू. डोमनलालभाऊ कधीही नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी यंदा मुलीनं मनावर घेतलं. भूमेश्वरी नागपूरला असते. तिनं कोजागिरीनंतरच्या जगन्नाथपुरीच्या गाडीची तिकिटं काढून दिली, तिथं राहायची खोली ठरवली आणि वडिलांना फोनवर दम दिला, की यंदा कुणाचं बारसं निघालं तर बाळाला थांबायला सांगा. तुलसाबाईंनी नवी साडी काढली. तिखट पुऱ्या केल्या, मुर्ऱ्याचा चिवडा केला. शेजारणीला दाखवायला समुद्राचं पाणी आणायचं म्हणून एक रिकामी बाटली गरम पाण्यानं धुऊन ठेवली.

आणि ऐन निघायच्या दिवशी मोबाइलवर निरोप आला. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं, गाडी रद्द.

तुलसाबाईंनी पिशवी उपसली. साडी ट्रंकेत सगळ्यात तळाशी गेली. पुऱ्या आल्यागेल्याच्या ताटात वाढल्या गेल्या. डोमनलालभाऊ म्हणाले, की गाडी काय, पुढच्या महिन्यात पुन्हा काढू. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या,

"राहू द्या जी. मले आता समुद्र नाही पाहाचा."

रागानं म्हणाल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. राग त्यांना कळायचा. तो दोन दिवसांत ओसरतो. पण बाजारात एखाद्या वस्तूवरून हात फिरवून, नको, आपल्याकडं जागा नाही, असं म्हणून पुढं सरकावं, तसं हे म्हणणं होतं. संध्याकाळी त्या धुतलेल्या बाटलीत फिनाइल भरलेलं दिसलं. डोमनलालभाऊंनी झाकण उघडून वास घेतला. फिनाइलच होतं. बायकोनं मागणं सोडलं होतं. आता द्यायचं तरी काय?

त्यांनी पोरीला फोन लावला. ती म्हणाली, की बाबा, समुद्र नाही तर नाही, तिला कुठं तरी पाण्याकाठी दोन दिवस घेऊन जा. हल्ली लोक हौसेनं तंबूत राहतात. इटियाडोहच्या धरणावर जा, डोंगर आहेत, भलंमोठं पाणी आहे. तंबू मी इथून ऑनलाइन मागवून देते.

डोमनलालभाऊंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. बिछायतवाल्याच्या घरी तंबू विकत येणार! उद्या हलवायाच्या घरी पुड्यातले लाडू पाठवशील, असं काहीसं ते पुटपुटले आणि तडक बाहेर जाऊन पुतण्याला हाक मारली.

पुतण्या लोकेंद्र त्यांची मालाची छोटी गाडी चालवायचा. मंडपाचं काम नसलं की तो तीच गाडी घेऊन इटियाडोहचे मासे गोंदियाच्या बाजारात आणायचा, त्यामुळे कित्येक नवऱ्यांच्या खुर्च्यांना बारीकसा झिंग्यांचा वास असे. तो कशाचा, हे वऱ्हाडाला शेवटपर्यंत समजत नसे. शारदेचा मंडप नुकताच उतरवलेला, सामान अजून गाडीतच. लाकडी बल्ल्या, कनाती, झालर, दोरखंड, आणि तळाशी नवरानवरीच्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या, ज्यांच्या हातांवर सोनेरी सिंह तोंड वासून बसलेले. या खुर्च्यांवर डोमनलालभाऊ स्वतः कधी बसलेले नव्हते. धंद्याचा नेमच तो. गिऱ्हाइकाचं आसन म्हणजे गिऱ्हाइकाचं.

लोकेंद्रनं विचारलं, की दोन माणसांना झोपायला एवढं सामान कायले? भाऊ म्हणाले, "दोन बल्ल्यांवर फडकं टाकून बसाले आपन का कोंबड्या इकून राहिलो?"

असा तो लवाजमा निघाला. तुलसाबाई आल्या, पण पाण्यासाठी नव्हे. स्वयंपाकाची गंजं-पातेली गाडीत गेली होती आणि ती बाईमाणसाशिवाय धड परत येत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

वाटेतलं कोहमारा सोडल्यापासून पावसाची झिमझिम सुरू झाली. दोन्ही अंगांना धान लोंबीला आलेलं, ओलं आणि जड. डोमनलालभाऊ सवयीनं काचेतून ढग बघत होते आणि तुलसाबाई मांडीवरच्या गंजाकडे. दुपारी इटियाडोहच्या पाण्यापाशी, जिथं वस्तीतलं शेवटचं घर आहे, तिथं गाडी थांबली. घर सेवकराम मेश्राम यांचं. लोकेंद्रशी त्यांची मासे नेण्याआणण्यातली ओळख. घरामागं थोडं धान, पुढं उतरती मोकळी जागा आणि तिच्या टोकाला पाणी.

पाणी मोठं होतं यात वाद नाही. कामठ्याचे सगळे तलाव त्यात ओतले असते तरी ढेकर आला नसता. भोवती डोंगर, उजवीकडं इकडच्या प्रतापगडचा उंच माथा. पण पल्याडचा काठ होता. चांगला झाडांसकट, हिरवा, स्वच्छ दिसत होता. डोमनलालभाऊंनी बायकोकडं चोरून पाहिलं. तुलसाबाईंनी डोळ्यांवर हात धरून नजर टाकली, थोडा वेळ ठेवली, आणि मग त्या चुलीसाठी दगड शोधायला लागल्या.

भाऊंना कळलं, की आता मंडपानंच काही करून दाखवलं तर.

मग त्यांनी बांधला. अर्ध्या गावाचं लग्न निघालं असतं तर जसा बांधला असता तसा. बल्ल्या ठोकल्या, छत ताणलं, तिन्ही बाजूंनी कनाती लावल्या, कनातींच्या खालच्या कडेला दगड ठेवले. चौथ्या बाजूला, पाण्याच्या अंगाला, झालरीची कमान करून गेट काढलं. तुलसाबाई तांदूळ निवडता निवडता बघत होत्या.

"गेट कायले?"

"मंडपाले गेट नसन तर लोक काय म्हनतीन?"

"कोनते लोक?"

डोमनलालभाऊंनी सभोवार पाहिलं. पाणी होतं, डोंगर होते. लोकेंद्र होता, पण तो घरचा. तरी त्यांनी कमानीला अजून एक गाठ मारली. हात उभ्या जन्मात गेटाशिवाय थांबले नव्हते.

तेवढ्यात सेवकराम छत्री घेऊन आले. त्यांनी कमान पाहिली, झालर पाहिली, गाडीतून उतरवून ठेवलेल्या सिंहाच्या खुर्च्या पाहिल्या, आणि सुतकात आल्यासारखं हळू आवाजात विचारलं, "लग्न कोनाचं हाये जी?"

"मोठे बाबाचं," लोकेंद्र चुलत्याकडं बोट दाखवून म्हणाला.

सेवकरामनी तुलसाबाईंकडं पाहिलं. "अन् नवरी?"

"थेच पाहाले तं आली मी," तुलसाबाई म्हणाल्या.

सेवकराम हसले. पण हसताना त्यांची नजर वरच होती. या पावसानं धान आडवं पडेल, ही काळजी ते छत्रीसारखी हातात धरूनच फिरत होते. वादळ समुद्रावरून आत सरकलंय असं रेडिओवर सांगितलं, म्हणाले. जोराचं आलं तर घरी या, घर लहान आहे पण खिळे पक्के आहेत.

तुलसाबाईंचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत. त्यांनी पुढचं मागचं काही न बघता नवरीची खुर्ची ओढली, गेटात ठेवली आणि तिच्यावर बसून त्या बटाटे चिरू लागल्या. डोमनलालभाऊ शेजारी उभे राहिले. दुसरी खुर्ची रिकामी होती.

वारं आलं ते पूर्वेकडून, पाण्यावरून. आधी नुसता आवाज आला. दूर कुठं तरी कुणी मोठी सतरंजी झटकतंय असा. पाण्याचा रंग राखेसारखा झाला आणि त्याच्यावर काटा उभा राहिला. डोमनलालभाऊंना तेव्हा, त्या एका क्षणात, आपली चूक कळली. आयुष्यभर त्यांनी गेट ठेवलं होतं पाहुणे येणार त्या बाजूला. आजही तसंच ठेवलं होतं. आणि पाहुणा आला होता.

कमानीतून वारं सरळ आत घुसलं. तीन कनातींनी त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. पक्क्या बांधल्या होत्या ना. मंडप एकदा फुगला, श्वास धरावा तसा थांबला, आणि मग बल्ल्या जमिनीतून उपटून सगळंच्या सगळं छत वर निघालं. कधीही न पडलेला डोमनलाल राहांगडाल्यांचा मंडप आजही पडला नाही. तो उडाला. तुलसाबाईंच्या डोक्यावरून, सेवकरामच्या आंब्यावरून, गुलाबी झालर फडफडवत एक चक्कर घेऊन तो खाली काठाकडं गेला आणि बेशरमाच्या झुडपांमागं दिसेनासा झाला. लोकेंद्र त्याच्या मागं धावला. गंजावरचं झाकणही धावलं.

डोमनलालभाऊ जागेवर उभे. हातात दोरीचा एक तुकडा. डोक्यावर काही नाही. त्यांना बायकोकडं बघायचं धैर्य होईना. मग शेजारून त्यांना एक आवाज आला, जो त्यांनी गाडी रद्द झाल्यापासून ऐकला नव्हता. तुलसाबाई हसत होत्या. मांडीवर बटाटे, केस सुटलेले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "बांधाचं काहीच राहिलं नाही."

डोमनलालभाऊ नवरदेवाच्या खुर्चीवर बसले.

आणि समोर बघायला लागले, कारण दुसरीकडं बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आधी प्रतापगडचा माथा गेला. ढगानं तो वरून हळूच पुसला. मग त्याच्या खांद्यावरचं रान गेलं, मग पायथा. मग डावीकडचे डोंगर एकामागून एक, जसे पंगतीतून लोक उठतात तसे. पाऊस आला तो थेंबांनी नाही. पाण्यावरून एक उभी करडी भिंत चालत आली, आणि ती जिथून जिथून गेली तिथं मागं काही ठेवत नव्हती. शेवटी तिनं पल्याडचा काठ घेतला. झाडं गेली. हिरवी रेघ होती ती बारीक होत होत गेली. आता समोर नुसतं पाणी होतं, आणि त्या पाण्याला शेवट नव्हता. ते जात जात आभाळ होत होतं. कुठं होत होतं ते दाखवता आलं नसतं.

लाटा उठायला लागल्या. तलावाला लाट असते ती म्हशीच्या अंघोळीएवढी. या तशा नव्हत्या. लांबून, काहीच नसलेल्या जागेतून त्या यायच्या, एकीमागं एक, आणि काठाच्या दगडांवर अशा आपटायच्या की खुर्चीच्या पायांतून ते हादरे अंगात चढत. वीज चमकली तेव्हा त्या उजेडातही पलीकडं काही निघालं नाही. नुसतं पाणी, आतपर्यंत पाणी. डोमनलालभाऊंनी आयुष्यभर ढग मोजले होते, त्यांच्यावर डोळे वटारले होते, त्यांची मनधरणी केली होती. ढग पाहिला नव्हता. तो एवढा मोठा असतो आणि त्याला कुणाच्याही मुहूर्ताशी काही देणंघेणं नसतं, हे आज चिंब भिजून त्यांना दिसत होतं, आणि गंमत म्हणजे त्यात अपमान वाटत नव्हता. उलट छातीत काही तरी मोकळं झालं होतं, फुगलेल्या कनातीचा बंद सोडावा तसं. भीती होतीच. भीती आणि हात जोडावेसे वाटणं, यांत फरक करायला त्या पावसात फुरसत नव्हती.

सेवकराम दारातून ओरडून बोलावत होते. भाऊ उठले आणि शेजारी वळले, तर नवरीची खुर्ची रिकामी.

तुलसाबाई पाण्याकडं चालल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, तिरक्या तिरक्या, पदर कमरेला खोचून. काठाच्या दगडांपाशी त्या थांबल्या. एक लाट आली आणि गुडघ्यांपर्यंत भिजवून गेली. त्या मागं सरल्या नाहीत. डोमनलालभाऊ धावत जाऊन शेजारी उभे राहिले आणि त्यांनी बायकोचा दंड धरला. ओढायला धरला होता. मग नुसताच धरून ठेवला. तुलसाबाईंचं तोंड किंचित उघडं होतं. शाळेतल्या पोरीनं फळ्याकडं बघावं तशा त्या बघत होत्या, त्या जागेकडं, जिथं काठ असायला हवा होता आणि नव्हता.

बऱ्याच वेळानं त्या वाकल्या. ओंजळीत पाणी घेतलं, चव घेतली.

"खारं नाही," त्या म्हणाल्या. दुकानदाराला म्हणावं तसं. पण नजर काढली नाही.

रात्र सेवकरामच्या घरी गेली. सेवकरामच्या घरच्यांनी कोरडे कपडे दिले, गरम भात आणि झिंग्यांचा रस्सा दिला. सकाळी आधी सगळे मागच्या बांधावर गेले. धान अर्धंअधिक झोपलं होतं. सेवकरामनी वाकून एक लोंबी उचलली, दाणा दाबून पाहिला आणि म्हणाले, पाणी लवकर उतरलं तर हाती लागेल. मग कुदळ घेऊन ते बांध फोडायला लागले. लोकेंद्र आणि डोमनलालभाऊ दोघंही त्यांच्या बरोबरीनं चिखलात उतरले. पाणी वाहतं झाल्यावरच मंडपाची आठवण निघाली.

तो बेशरमाच्या झुडपांत अडकला होता, अर्धा काठावर, अर्धा पाण्यात. आभाळ धुऊन निघालं होतं. प्रतापगड जागेवर होता, डोंगर जागेवर होते, आणि पल्याडचा काठ तर कालच्यापेक्षा जवळ आल्यासारखा वाटत होता. सगळ्यांनी मिळून कापड ओढून काढलं. पण घडी घालायचं काम नवराबायकोचंच. मोठ्या कापडाची घडी म्हणजे दोन माणसांची चाल असते. दोघांनी दोन टोकांना उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, मग एकमेकांकडं चालत यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा मागं जायचं. डोमनलालभाऊंच्या संसारातलं बरंचसं बोलणं या टोकं जुळण्यातच झालेलं होतं. एरवी घरात गडी तरी असत, नाही तर गिऱ्हाइकं.

पहिल्यांदा जवळ आल्या तेव्हा तुलसाबाई म्हणाल्या, की खाली चिखल लागून राहिला, उचलून धरा.

दुसऱ्यांदा म्हणाल्या, "काल मले भेव लागला होता."

"मले बी."

त्या मागं गेल्या, कापड ताणलं, झटकलं. पाण्याचे थेंब उन्हात उडाले. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा टोक त्यांनी लगेच हाती दिलं नाही.

"समुद्र रोजच तसा रायते का जी? का फक्त पावसात?"

डोमनलालभाऊंना ठाऊक नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं. तुलसाबाईंनी मान हलवली, जसं काही हेच उत्तर हवं होतं.

"मंग कवा जाचं?"

भाऊंनी तोंड उघडलं. तुळशीचं लग्न आलं होतं. त्यानंतरच्या सगळ्या तारखा लागलेल्या होत्या. एकेका दिवशी दोन दोन ठिकाणी कापड पुरवायचं होतं. लगीनसराई हा शब्द जिभेवर आला, नेहमीच्या जागी येऊन बसला. मग त्यांनी बायकोचं तोंड पाहिलं. ते मागत होतं. स्पष्ट, हट्टानं, दोन्ही हातांत ओलं कापड धरून मागत होतं.

तो शब्द त्यांनी गिळला. आपल्या हातातलं टोक, ज्याला त्यांनी आपल्या हातून कधी माती लागू दिली नव्हती, तिथंच चिखलात सोडलं, आणि लोकेंद्रच्या हातातला मोबाइल घेऊन ते चढावर निघाले, जिथं रेंज येते तिकडं. पोरीला पुन्हा पुरीची गाडी काढायला सांगायचं होतं.

लोकेंद्र मोठ्या बाबांकडं बघतच राहिला. तुलसाबाई आपली दोन टोकं धरून काठावर उभ्या राहिल्या.